प्रश्नावली तयार असताना आधी अन्वेषणात्मक संशोधन कशाला करायचं?

तुमची अडचण मला अशी समजली: ग्राहक एखादी सेवा का सोडून जातात यावर तुमचा एमबीएचा प्रकल्प आहे, 300 जणांना पाठवायची प्रश्नावली तयार आहे, आणि मार्गदर्शक म्हणतात की आधी अन्वेषणात्मक संशोधन करा, म्हणजे मोजणी करण्याआधी कारणं काय काय असू शकतात याची मोकळी चाचपणी करा. ही नुसती औपचारिकता आहे का, आणि करायचंच तर कोणत्या पद्धतीने, असं तुम्ही विचारलंय.

औपचारिकता अजिबात नाही. मार्गदर्शकांचं ऐका.

तुमच्या प्रश्नावलीत सोडून जाण्याची सहा कारणं पर्याय म्हणून दिली असतील. ती कोणी ठरवली? तुम्हीच. खरं कारण सातवं असेल तर 300 काय, 3000 उत्तरं आली तरी ते दिसणार नाही. लोक सहापैकी त्यातल्या त्यात जवळचं वाटेल त्यावर खूण करतील आणि तुमच्याकडे नीटनेटके पण चुकीचे तक्ते तयार होतील.

शिवाय थेट विचारलं की लोक सोयीचं उत्तर देतात. मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांचा 1950 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी जरूर वाचा. इन्स्टंट कॉफी का आवडत नाही असं विचारल्यावर अमेरिकन गृहिणी चवीचं कारण सांगत. मग हेअर यांनी खरेदीच्या दोन याद्या केल्या. दोन्हींत सात वस्तू, फरक फक्त कॉफीचा: एकीत नेसकॅफे इन्स्टंट, दुसरीत मॅक्सवेल हाउसची नेहमीची कॉफी. प्रत्येक स्त्रीला एकच यादी दाखवून विचारलं, ही खरेदी करणारी बाई कशी असेल? नेसकॅफेची यादी पाहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी तिला आळशी म्हटलं. दुसऱ्या यादीबाबत असं म्हणणाऱ्या अगदी मोजक्या. म्हणजे अडचण चवीपुरती नव्हती, आपल्याला लोक काय म्हणतील याचीही होती. (1970 च्या सुमारास हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा ही प्रतिमा बरीच पुसली गेली होती. असे निष्कर्ष त्या काळापुरते धरावेत.)

आता पद्धती. सुरुवात दुय्यम माहितीपासून करा: तक्रारींच्या नोंदी, ऑनलाइन रिव्ह्यू, आधीचे अहवाल. खर्च जवळजवळ शून्य, आणि मुलाखतीत काय विचारायचं ते इथेच सुचतं.

त्यानंतर सखोल मुलाखती. तुमच्या विषयासाठी मी यांनाच पहिली पसंती देईन. 'तुम्ही का सोडलंत?' असं थेट विचारू नका, 'सोडायचं ठरवलं त्या आठवड्यात काय काय झालं, ते सांगा' म्हणा. माणूस घटना सांगू लागला की कारणं आपोआप बाहेर येतात. 'अमुक सवलत दिली असती तर थांबला असता का?' हा प्रश्न टाळा, कारण 'हो' म्हणायला कुणाचंच काही जात नाही. माणसं मुद्दाम वेगवेगळी निवडा: सोडून गेलेले, सोडता सोडता थांबलेले आणि अनेक वर्षं टिकून असलेले. यातला मधला गट बहुतेक विद्यार्थी विसरतात, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते त्यांच्याकडूनच.

किती मुलाखती पुरेत? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी 2006 मध्ये आपल्याच 60 मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक महत्त्वाचे मुद्दे पहिल्या 12 मध्येच आलेले दिसले. पण त्यांचा गट बराचसा एकसारखा होता. तुमचे गट तीन आहेत, म्हणून थोड्या जास्त धरा आणि नवं काही ऐकू येईनासं झालं की थांबा.

फोकस ग्रुपचा, म्हणजे काही जणांना एकत्र बसवून घडवलेल्या चर्चेचा, आग्रह मी धरणार नाही. लोक आपापसात कोणते शब्द वापरतात, कुठे वाद घालतात हे त्यात छान कळतं. पण एक-दोन जण चर्चा ताब्यात घेतात आणि संकोचाची कारणं चारचौघांत कोणी सांगत नाही. सेवा सोडण्यामागे पैशांची ओढाताण असेल, तर ती एकट्याने बोलतानाच कळेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: 15 मुलाखतींवरून '60 टक्के ग्राहकांना असं वाटतं' असं लिहू नका. हा नमुना प्रातिनिधिक नसतो. यातून गृहीतकं, म्हणजे तपासून पाहायचे अंदाज, मिळतात, आणि ती तपासायला तुमचे 300 जण आहेतच.

मग प्रश्नावली पुन्हा उघडा, पर्याय ग्राहकांच्या शब्दांत लिहा, पाच-सहा जणांकडून भरून घेऊन पाहा आणि मगच सगळ्यांना पाठवा. जुना मसुदा जपून ठेवा. मुलाखतींमुळे कोणते प्रश्न बदलले, कोणते गळले हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात दाखवता येईल, आणि तोंडी परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.