घोड्यांच्या वाटेवरून सायकल: केनेट आणि एव्हन कालव्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघांनीही साठी ओलांडली आहे. येत्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये रेडिंगला मुलीकडे जाणार असून पुढे दोन-तीन महिने तिथेच मुक्काम आहे. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत एका जुन्या कालव्याच्या काठाने मोटारींचा त्रास न होता सायकल चालवता येते, असे आमचे जावई सांगतात. सायकलची सवय सुटून आम्हाला बरीच वर्षे झाली आहेत. हे आम्हाला झेपेल का, आणि सुरुवात कुठून करावी?
— एक दांपत्य, नाशिक

उत्तर: आपल्या जावयांचे म्हणणे निम्मे खरे आहे. रेडिंग ते ब्रिस्टल हा सुमारे 140 किलोमीटरचा जलमार्ग आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला केनेट नदी आणि पश्चिमेच्या टोकाला एव्हन नदी असून, मधला न्यूबरी ते बाथ हा सुमारे 92 किलोमीटरचा भाग म्हणजे खोदलेला कालवा. जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली त्याचे काम झाले आणि 1810 मध्ये तो संपूर्ण लांबीने खुला झाला. त्या काळी मालाच्या नावा काठावरून चालणारे घोडे दोराने ओढत असत. त्या घोड्यांसाठी पाण्यालगत जी वाट राखली होती, तिलाच टोपाथ म्हणतात, आणि आज तिच्यावरून लोक पायी व सायकलने जातात. मात्र ही वाट सर्वत्र सारखी नाही. डिवायझेस गावाच्या पूर्वेला ती अनेक ठिकाणी अरुंद, गवताळ आणि पावसानंतर चिखलाची होते, आणि राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक 4 तिथे कालवा सोडून खेड्यांतल्या रस्त्यांवर जातो, जिथे मोटारी असतातच. म्हणून संपूर्ण 140 किलोमीटरचा हट्ट धरू नये, असे मी आपल्याला स्पष्टपणे सुचवीन.

आपण रेल्वेने थेट बाथला जावे आणि तिथून ब्रॅडफर्ड ऑन एव्हन या गावापर्यंतचे सुमारे 16 किलोमीटर सायकलने करावेत. रेडिंगहून बाथला थेट गाड्या आहेत आणि प्रवास साधारण तासाभराचा आहे. हाच टप्पा निवडण्याचे कारण केवळ त्याच्या देखणेपणात नाही. लॉक म्हणजे नावेला वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी टाकी; बाथच्या सर्वांत वरच्या लॉकपासून ब्रॅडफर्डच्या लॉकपर्यंत जवळजवळ नऊ मैल कालव्यावर एकही लॉक नाही, याचा अर्थ तेवढ्या अंतरात पाण्याची पातळी एकच आहे आणि पाण्यालगतची वाटही सपाट आहे. वाटेत लॉक लागू नयेत म्हणून रेनींनी डोंगराच्या कडेने वळणे घेत कालवा नेला, आणि त्याचा लाभ दोनशे वर्षांनंतर गुडघे दुखणाऱ्या सायकलस्वारांना मिळतो आहे. चढ आहे तो फक्त सुरुवातीला. बाथच्या स्थानकामागे कालवा सहा लॉकांच्या पायऱ्यांनी वर चढतो. तेवढे अंतर सायकल हातात धरून चालत जावे, त्यात कमीपणा काही नाही. सराव सुटला असेल तर विजेचे साहाय्य असलेली सायकल भाड्याने घेण्याचाही विचार करावा.

या टप्प्यात दोन जलसेतू लागतात आणि दोन्हींवर थांबायलाच हवे. कालव्याच्या कंपनीचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डंडास यांचे नाव दिलेला डंडास जलसेतू बाथच्या मधाळ रंगाच्या दगडात बांधलेला असून, तो पाण्याने भरलेला कालवा एव्हन नदीवरून आणि रेल्वेमार्गावरून पलीकडे नेतो. खाली नदी, तिच्याशेजारी रूळ आणि वर नावा, असे दृश्य आपल्याकडे सहसा पाहायला मिळत नाही. पुढचा अ‍ॅव्हनक्लिफचा जलसेतू मात्र थोडा हळहळ वाटावी असा आहे. रेनींचा कल विटांकडे होता, पण कंपनीने जवळच्या खाणींतला दगड वापरायचे ठरवले, आणि बांधकामानंतर लवकरच मधली कमान खचली. कमानीतला तो झोल अजूनही नुसत्या डोळ्यांना दिसतो. इथे टोपाथ कालव्याची बाजू बदलतो, त्यामुळे जलसेतूच्या खालून उतरून पलीकडे पुन्हा वर यावे लागते; तेवढ्यापुरते सायकलवरून उतरलेले बरे.

ब्रॅडफर्डला पोहोचल्यावर कालव्यापासून थोड्याच अंतरावर चौदाव्या शतकातले भव्य दगडी धान्याचे कोठार आहे. शाफ्ट्सबरीच्या मठाच्या मालकीच्या जमिनींचे धान्य तिथे साठवले जाई. त्याचे आतले लाकडी छत अवश्य पाहावे आणि परतीचा प्रवास रेल्वेने करावा. बाथ, फ्रेशफर्ड, अ‍ॅव्हनक्लिफ आणि ब्रॅडफर्ड ही चारही स्थानके एकाच मार्गावर आहेत, म्हणून वाटेत कुठेही थकवा आला तरी अडकून पडण्याची भीती नाही. अ‍ॅव्हनक्लिफला मात्र गाडी हात दाखवल्याशिवाय थांबत नाही.

प्रश्न: आम्ही स्लाव येथे राहतो. आमची मुले सात आणि दहा वर्षांची आहेत. मोटारी नसल्या तरी पाण्याच्या काठाला कठडा नसतो, असे ऐकले. मुलांना नेणे सुरक्षित आहे का? सायकली घरूनच न्याव्यात का?
— एक आई, स्लाव

उत्तर: आपली शंका योग्य आहे. काठाला कठडा नाही, आणि असूही शकत नाही, कारण घोड्याच्या दोराला काही आडवे येणार नाही अशीच ही वाट आखलेली होती आणि आजही नावा याच काठाला बांधल्या जातात. मोटारीचे भय नसले म्हणजे लक्ष सैल सोडावे, असे मात्र होत नाही. मुलांनी पाण्याच्या विरुद्ध कडेने चालवावे, एका मोठ्या माणसाने पुढे आणि एकाने मागे राहावे, आणि दगडी पुलांखाली सर्वांनी उतरून चालावे. हे पूल बुटके आहेत, त्यांच्याखाली वाट एकदम निमुळती होते आणि समोरून येणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सात वर्षांचे मूल ब्रेक लावून ठरलेल्या जागी थांबू शकत नसेल, तर त्याला अजून एक वर्ष घराजवळच्या बागेत चालवू द्यावे.

या वाटेवर पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक कालव्यांची देखभाल करणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट हाच नियम सांगतो. घंटी वाजवणे म्हणजे ‘बाजूला व्हा’ असा हुकूम नव्हे, ‘मी मागे आहे’ एवढीच सूचना असते. समोरच्याने वाट दिली की आभार मानावेत. काठाला लागलेल्या नावांपैकी कित्येक ही लोकांची घरे आहेत. त्यांच्या खिडक्यांतून डोकावू नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, कारण मोह मोठ्यांनाही आवरत नाही.

सायकली घरून नेऊ नयेत, असे माझे मत आहे. पॅडिंग्टनहून बाथकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलीसाठी जागा अगदी मोजक्या असून त्या आधी राखून ठेवाव्या लागतात, आणि चार सायकलींची एकत्र जागा मिळवण्याच्या खटाटोपातच सहलीचा उत्साह मावळतो. डंडास आणि ब्रॅडफर्ड या दोन्ही ठिकाणी कालव्याकाठीच सायकली भाड्याने मिळतात. हेल्मेटची तिथे कायद्याने सक्ती नाही, तरी मुलांना ते घालावेच.

प्रश्न: मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. आपला कालवा धरणातून निघतो आणि उताराने शेतापर्यंत जातो. हा कालवा तर टेकड्या चढून उतरतो. मग माथ्यावर पाणी येते कुठून? आणि आपल्या कालव्यांच्या सेवारस्त्यांवर असा सायकलमार्ग का होत नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर: नावेच्या कालव्याला वाहते पाणी नको असते, थोपलेले पाणी हवे असते. प्रत्येक लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी टाकी. नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, वरचे पाणी सोडून तिला उचलायचे आणि वरच्या पातळीवर बाहेर काढायचे. अर्थात दर खेपेला वरचे पाणी टाकीभर खाली उतरते, आणि ते भरून काढणे हाच या कालव्याच्या अभियंत्यांचा मुख्य घोर होता. माथ्याजवळ क्रॉफ्टन येथे त्यांनी वाफेवर चालणारे पंप बसवले. तिथले 1812 चे बोल्टन आणि वॅट बनावटीचे यंत्र अजून मूळ जागी आहे आणि आजही मूळ काम करू शकते. डंडास आणि बाथ यांच्या मधल्या क्लॅव्हरटनला तर कोळसाही लागत नसे. एव्हन नदीच्याच प्रवाहावर पाणचक्की फिरायची आणि तिच्या बळावर नदीचे पाणी सुमारे साडेचौदा मीटर उचलून कालव्यात पडायचे. आपल्यासारख्या जाणकाराने या दोन्ही ठिकाणी यंत्रे चालू ठेवण्याचा दिवस पाहूनच जावे.

पाण्याचा सर्वांत मोठा खर्च डिवायझेसजवळच्या केन हिलला होतो. तिथे सुमारे तीन किलोमीटरमध्ये 29 लॉक कालव्याला 72 मीटर वर चढवतात आणि त्यांपैकी 16 एका सरळ रेषेत आहेत. उतार इतका तीव्र आहे की दोन लॉकांच्या मध्ये पाणी साठवायला जागाच उरली नाही, म्हणून या रेषेतल्या लॉकांच्या कडेला आडवी तळी खोदलेली आहेत. आता पायथ्याशी बसवलेला पंप दिवसाला 3 कोटी 20 लाख लिटरपर्यंत पाणी पुन्हा वर नेऊ शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इतिहासात आहे. या भागात 1841 मध्ये रेल्वे आली, 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉक निकामी होऊन नावा बंद पडल्या. कालवा कायमचा बंद करण्याचा बेत झाला तेव्हा स्थानिक लोकांनी विरोध केला, 1962 मध्ये न्यास स्थापला, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे गाळ उपसला, आणि 1990 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. म्हणजे त्याचे जुने काम संपल्यावर तो फिरण्यासाठी मोकळा झाला. आपले कालवे अजून पूर्ण कामावर आहेत. आवर्तनाच्या, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या, वेळी वेगाने वाहणारे पाणी आणि सरळ उताराचे अस्तरीकरण यांच्या शेजारून मुलांना सायकलने न्यावे, असे मला तरी वाटत नाही.

प्रश्न: बाथहून निघून, गेलेल्या वाटेनेच न परतता गोल फेरी करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: येईल. 1966 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे दोन बोगदे 2013 मध्ये सायकल आणि पादचाऱ्यांसाठी उघडण्यात आले. बाथहून या बोगद्यांतून मिडफर्डला जावे, तिथून डंडास गाठावे आणि कालव्याकाठाने बाथला परतावे. ही फेरी सुमारे 21 किलोमीटरची होते. यांतला कूम डाउन बोगदा 1,672 मीटर लांब आहे. आत दिवे आहेत, तरी आपला दिवा लावावा आणि भर उन्हाळ्यातही एखादे जाकीट जवळ ठेवावे. मिडफर्ड आणि डंडास यांच्या मधल्या तुकड्यात काही चढउतार आणि थोडा मोटारींचा रस्ता लागतो, म्हणून नाशिकच्या दांपत्याला मी ही फेरी सुचवली नाही.