स्लॅमला जायचं तर ४ नो ट्रम्पच्या आधी काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की ब्रिज खेळताना स्लॅमचा, म्हणजे १३ पैकी १२ किंवा सगळेच हात करायच्या बोलीचा, वास आला की तुम्ही दोघं लगेच ४ नो ट्रम्प (बिनहुकूम) बोलता, एक्के मोजता, आणि चारातले तीन आपल्याकडे असूनही पहिले दोन हात समोरच्यांनी ओढले की डाव डाऊन. आणि विचारलंय की आता यापुढचं कुठलं कन्व्हेन्शन, म्हणजे भिडूबरोबर ठरवलेली खास अर्थाची बोली, शिकू. माझं ऐकाल तर बाकी सगळं थोडं बाजूला ठेवा आणि भिडूबरोबर बसून आधी क्यू बिड (कुठल्या रंगात आपला ताबा आहे ते सांगणारी बोली) पक्के करा, कारण ब्लॅकवुड, म्हणजे ४ नो ट्रम्प बोलून भिडूला एक्के विचारणं, हे स्लॅम शोधायचं कन्व्हेन्शनच नाही, वाईट स्लॅमपासून वाचायचं आहे. ईझली ब्लॅकवुड यांनी ते १९३३ च्या सुमारास काढलं, आणि ते एकच गोष्ट सांगतं, किती. कुठे आहेत ते नाही सांगत.

एक डाव घेऊया म्हणजे लगेच कळेल. तुमच्याकडे इस्पिक एक्का राणी गुलाम नव्वी छक्की, बदाम राजा राणी गुलाम चव्वी, चौकट सत्ती चव्वी आणि किलवर एक्का राजा. २० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). तुम्ही १ इस्पिक बोललात, भिडू ३ इस्पिक, म्हणजे चार पानांचा सपोर्ट आणि साधारण ११ पॉइंट. आता कुणालाही ४ नो ट्रम्प बोलायचा मोह होणारच.

समजा भिडूकडे इस्पिक राजा आणि बदामचा एक्का आहे, चौकटमध्ये गुलाम आणि दोन फालतू पानं, किलवर राणी गुलाम सत्ती. किंवा इस्पिक आणि किलवर तेच, पण एक्का चौकटचा, खाली गुलाम, आणि बदाममध्ये नुसती फालतू पानं. दोन्हीकडे ११ पॉइंट. साध्या ब्लॅकवुडला दोन्ही वेळा ५ चौकट हेच उत्तर, म्हणजे एक एक्का. हल्ली सगळे खेळतात ते कीकार्ड ब्लॅकवुड घेतलं, ज्यात हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात, तरी दोन्ही वेळा ५ बदाम, दोन कीकार्डं आणि हुकमाची राणी नाही. उत्तर अगदी तेच, पण दुसऱ्या पानांवर ६ इस्पिक छान होतात, फक्त बदामचा एक्का जातो, आणि पहिल्या पानांवर उतारी चौकटची आली की एक्का राजा ओढून समोरचे मोकळे.

आता हेच क्यू बिडने बघा. ३ इस्पिकवर तुम्ही ४ किलवर बोला, याचा अर्थ हुकूम इस्पिकच, मला पुढे जायचंय आणि किलवरवर माझा कंट्रोल आहे. कंट्रोल म्हणजे एक्का, राजा, एकटं पान किंवा तो रंगच नसणं. भिडूने आपला सगळ्यात खालचा कंट्रोल सांगायचा (रंग खालून वर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक). तो ४ चौकट बोलला तर मस्त, आता बिनधास्त ४ नो ट्रम्प विचारा आणि ६ ला जा. तो चौकट ओलांडून ४ बदाम बोलला तर चौकटवर त्याच्याकडे काही नाही, तुमच्याकडेही नाही, गपचूप ४ इस्पिक बोलून थांबायचं. जी बोली गाळली तीच सगळ्यात जास्त सांगून जाते, आणि मला ब्रिजमधलं हे फार म्हणजे फार आवडतं.

म्हणून ज्या रंगात कुणीच काही बोललं नाही आणि तुमच्याकडे दोन फालतू पानं आहेत, तिथे थेट ४ नो ट्रम्प नको. एखादा रंग तुमच्याकडे अजिबातच नसेल तरीही नको, कारण भिडूचा एक्का नेमका त्याच रंगाचा निघाला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. किलवर हुकूम असेल तर अजून जपून, ५ चौकट उत्तर आलं की ५ किलवरवर थांबायची सोय गेलीच.

कीकार्डची उत्तरं १४३० पद्धतीने ठेवा, ५ किलवर म्हणजे १ किंवा ४, ५ चौकट म्हणजे ० किंवा ३. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असतात तेव्हा) ६ इस्पिक केले की १४३० च मिळतात, लक्षात राहायला सोपं. आणि हिशोबही बघून ठेवा, ४ इस्पिक बोलून १२ हात केलेत तर ६८०, म्हणजे स्लॅम न बोलल्याने ७५० गेले. उलट ६ बोलून ११ च झाले तर ४ इस्पिकचे ६५० गेले आणि वर १०० दंड, परत ७५० च. म्हणजे निम्म्या वेळा होणारा स्मॉल स्लॅम (१२ हातांचा) बोलायलाच हवा, उगाच घाबरून ४ इस्पिकसारख्या गेमवर बसू नका.

एक राहिलंच, भिडूने १ नो ट्रम्प उघडलं आणि तुम्ही थेट ४ नो ट्रम्प बोललात तर तो एक्क्यांचा प्रश्न नसतो, तुझे पॉइंट वरच्या टोकाचे असतील तर ६ बोल एवढंच विचारणं असतं. तिथे एक्के विचारायला ४ किलवर, ते जर्बर. दोन्हीकडे सपाट पानं असतील तर तशी गरजही फारशी पडत नाही, ४० पैकी ३३ पॉइंट आपल्याकडे असले की बाहेर उरतात ७ आणि दोन एक्क्यांचेच होतात ८, म्हणजे दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत.

स्प्लिंटर (एखाद्या रंगात एकच पान आहे किंवा पानच नाही हे सांगणारी बोली) नंतर शिका, क्यू बिड दोघांच्या अंगवळणी पडले की.