नोटरीवर भागवू, की भाडेकरार नोंदवू?

प्रश्न : पुण्यातला माझा फ्लॅट महिना २५,००० रुपये भाडं आणि १ लाख डिपॉझिटवर देते आहे. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं. हा खर्च वाचवू का?

उत्तर : नको. अकरा महिन्यांची ही पळवाट महाराष्ट्रात चालत नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून हा समज पसरला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. एजंटची नाही, भाडेकरूचीही नाही. ती टाळली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता वाचतं किती ते बघू. अकरा महिन्यांचं भाडं २,७५,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवा. या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशे-आठशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. नोटरी आणि स्टॅम्पपेपरचे पैसे वजा जाता तुमचे वाचणार जेमतेम हजारभर. त्यातही पुष्कळ जण हा खर्च भाडेकरूबरोबर निम्मा-निम्मा करतात.

खरं सांगू? ५,००० च्या दंडाची मला तेवढी धास्ती नाही. महाग पडतं ते त्याच कलमातलं पुढचं वाक्य : नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करायचं तुम्ही. उद्या तो म्हणाला, डिपॉझिट दोन लाख दिलं होतं, तर? उलट लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा) नोंदवलेला करार हातात असला, की मुदत संपूनही घर अडवून बसलेल्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तोवरची भरपाई भाड्याच्या दुप्पट दराने, म्हणजे तुमच्या बाबतीत महिना ५०,०००.

आणखी एक. भाडं थकलं की पाणी-वीज तोडा, असं सांगणारे भेटतील. बहुधा हाच एजंट. कलम २९ प्रमाणे तोही गुन्हा. त्यापेक्षा थकबाकी डिपॉझिटमधून वळती करण्याची अट करारातच घालून घ्या.

नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि बोटांचे ठसे लागतात. किल्ली मात्र ठसे झाल्यावरच द्या.