सतराव्या वर्षी प्रो व्हावे का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगा सतरा वर्षांचा आहे, गोल्फ उत्तम खेळतो. ए-लेव्हल (इथली बारावी) अर्धवट सोडून प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, व्हायचे म्हणतो. ‘जस्टिन रोझही सतराव्या वर्षीच झाला,’ हे त्याचे उत्तर. काय करावे? – एक आई

उत्तर : ताई, मुलाने उदाहरण चांगले निवडले आहे, पण त्याला पुढचा भाग माहीत आहे का, ते विचारा. जुलै १९९८ मध्ये रॉयल बर्कडेलच्या मैदानावर इंग्लंडचा रोझ हौशी खेळाडू म्हणून ‘ओपन’ ही ब्रिटनची मानाची स्पर्धा खेळला. शेवटच्या होलवर उंच गवतातून, साधारण पन्नास यार्डांवरून मारलेला त्याचा चेंडू थेट होलमध्ये गेला आणि तो संयुक्त चौथा आला. लगेच तो प्रो झाला. त्यानंतर सलग २१ स्पर्धांत त्याचा कट हुकला, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच तो बाद झाला.

कट हुकला की दोन फेऱ्या खेळून शुक्रवारी बॅग भरायची. बहुतेक स्पर्धांत बक्षिसाची एक पेनीही मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडी (बॅग सांभाळणारा मदतनीस) हा खर्च मात्र होऊन गेलेला असतो. आणि हे सगळे पेपरांत छापून येत होते, अठरा वर्षांच्या पोराबद्दल! वडील केन हेच त्याचे प्रशिक्षक, ते पाठीशी उभे राहिले. ओपन गाजवल्यामुळे आयोजकांची आमंत्रणेही होती. तरी टूर कार्डासाठी, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत नियमित खेळण्याच्या हक्कासाठी, त्याला क्वालिफाइंग स्कूल ही पात्रता स्पर्धा गाठावी लागलीच. पहिले मोठे विजेतेपद मिळाले ते २००२ मध्ये, जोहान्सबर्गला.

आता ल्यूक डोनाल्ड पाहा. हाही इंग्लंडचाच. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकता शिकता १९९९ मध्ये त्याने कॉलेज गोल्फचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २००१ मध्ये प्रो झाला, २०११ मध्ये जगात अव्वल. तुमच्या मुलासाठी मला हा रस्ता जास्त पटतो. हौशी दर्जा आत्ताच सोडला, तर कॉलेज गोल्फचे दार बहुधा बंद होईल. ए-लेव्हल नसेल तर प्रवेशाचेही अवघड.

म्हणून ए-लेव्हल पूर्ण करू द्या. या उन्हाळ्यात काउंटीच्या आणि राष्ट्रीय हौशी स्पर्धा खेळू दे, अमेरिकी प्रशिक्षकांना आत्तापासून ईमेल पाठवू दे. ‘खेळ सोड’ असे मात्र चुकूनही म्हणू नका. आणि प्रो म्हणून वर्षभर एकही कट मिळाला नाही तर खर्च किती येईल, याचा हिशेब त्यालाच मांडायला सांगा. तो हिशेब आणि त्याचे गेल्या वर्षीचे स्पर्धांतले स्कोअर मला पाठवा. सरावातले नकोत.