बजरीगर (बजी, छोटा पोपट) पाळायचाय? मग आधी हे वाचा

विकत घेताना चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी पाहा. वयात आलेल्या नराची ती निळी असते, मादीची तपकिरी. पांढऱ्या-पिवळ्या पक्ष्यांत मात्र ही खूण फसवते. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीला भिडत असतील, तर पिल्लू चारेक महिन्यांच्या आतलं. तेच घ्या, लवकर माणसाळतं.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा, गजांमधलं अंतर 12 मिमीच्या आत. बसायला पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा. एकाच जाडीच्या प्लॅस्टिकच्या दांडीवर पायांना जखमा होतात.

खरी गफलत खाण्यात होते. हा पक्षी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि बिचारा उपाशी! रोज सकाळी फुंकर मारून टरफलं उडवा, मग राळा-बाजरी घाला. एका पक्ष्याला दिवसाला दोन छोटे चमचे पुरतात. नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून किसलेलं गाजर, कोथिंबीर हवीच. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिश या सागरी जीवाचं पांढरं हाड) टांगा. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो.

पिसं फुगवून तळाशी बसलाय, श्वासागणिक शेपटी हलतेय? त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हे पक्षी आजार लपवतात. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.