ओबीच्या (खाणीतून उपसलेल्या दगडमातीच्या) ढिगावर आधी ताग पेरा, झाडं नंतर

दादा, तुम्ही विचारलंय की दक्षिण आफ्रिकेत समुद्रकाठच्या खाणीवर पुन्हा जंगल उभं राहिलं, मग उमरेडकडच्या कोळसा खाणीच्या ढिगावर गावाने या पावसाळ्यात हजार खड्डे करून रोपं लावली तर जमेल का. जंगल होईल. पण हजार खड्ड्यांपासून सुरुवात करू नका.

ते ठिकाण रिचर्ड्स बे. तिथं १९७७ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या खणून इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन ही खनिजं काढतात. वरची माती आधी वेगळी काढतात आणि काम झालं की पुन्हा पसरतात, कारण जंगलाचं बी तिच्यातच असतं. त्यावर ताग, बाजरी, ज्वारी पेरतात. वाळू उडत नाही. त्या आडोशाला तिथली बाभूळ आपसूक उगवते, दाट होते, काही दशकांत म्हातारी होऊन पडते. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या न खणलेल्या जंगलातली झाडं शिरतात. बी आणतात पक्षी आणि माकडं. तरी जंगलासाठी जमिनीचा साधारण तिसरा हिस्साच आहे, बाकीच्यावर मुख्यतः सुरूच्या झाडांची लागवड.

आपल्याकडे काळी माती बहुतेक वेळा ढिगात खाली गाडली जाते आणि शेल (पापुद्र्यांचा खडक), वालुकाश्म वर येतो. डंपरने तो असा दाबलेला असतो की टिकाव खणकन परत येतो. अशाच एका ढिगावर मी पहिल्याच वर्षी रोपं लावली होती. मे महिन्यात वाळलेलं रोप उपटलं, तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली, बाहेर एक तंतूसुद्धा गेला नव्हता. फार वाईट वाटलं होतं.

म्हणून यंदा सपाट माथा उकरून शेणखत आणि ताग. फुलोऱ्यावर आला की तिथंच आडवा पाडा, म्हणजे कुजून खत होईल. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) आणि मुळांना साथ देणारे जिवाणू-बुरशी घालूनच झाडं जगवली. प्रेसमड मिळाली तर सोडू नका.

उतारावर खाणवाल्यांना विचारल्याशिवाय चर खोदू नका, पाणी मुरून ढीग सरकतो. धूर निघतो तो भाग तर पूर्ण सोडा, आत कोळसा जळत असतो.

पुढच्या वर्षी खैर, हिवर, बाभूळ, पळस, थेट बियांनी. सुबाभूळ नको, ती दुसऱ्याला जागा देत नाही. पळसाच्या शेंगा मे महिन्यात झाडाखाली पडतात, त्या पेरणीच्या वर्षी पोरांना घेऊन वेचून ठेवा.