उदोन थानीसारख्या थाई प्रांताच्या मुख्य शहरात एकट्या निवृत्त परदेशी माणसाला महिन्याला किती खर्च येतो?

उदोन थानीत एकट्या माणसाचा साधा पण सोयीचा महिना साधारणपणे २५,००० ते ३५,००० बाहतांत निभतो. हा आकडा तिथल्या नेहमीच्या दरांवरून बांधलेला आहे: वातानुकूलित लहान घराचे भाडे ५,००० ते ८,००० बाहत असते आणि बाजारातल्या भाताच्या किंवा नूडल्सच्या एका थाळीला ५० ते ६० बाहत पडतात. मात्र चीज, वाइन, पाश्चात्त्य न्याहारी असे आयात जिन्नस रोज लागत असतील, तर जेवणाचा खर्च सहज दुप्पट होतो. स्वस्ताई आहे ती स्थानिक लोक जे खातात त्याची. विजेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सरकारी दर युनिटमागे चार बाहतांच्या आसपास असताना अनेक घरमालक भाडेकरूकडून सात-आठ बाहत घेतात, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात वातानुकूलन दिवसभर चालले की हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून करार करण्यापूर्वीच युनिटचा दर विचारून घ्यावा. शहरांतर्गत बससेवा तुटपुंजी असल्याने स्कूटरचा खर्चही धरावाच लागतो. वरच्या आकड्यात आरोग्य विमा धरलेला नाही, आणि साठीनंतर तोच सर्वांत मोठा खर्च ठरू शकतो. शिवाय पन्नाशीनंतरच्या निवृत्ती-मुक्कामाची वार्षिक मुदतवाढ घेण्यासाठी थाई बँकेत ८,००,००० बाहत किंवा दरमहा ६५,००० बाहत उत्पन्न दाखवावे लागते. ठेवीचा मार्ग निवडल्यास ती रक्कम खर्च होत नाही, पण वर्षभर मनासारखी वापरताही येत नाही.